सोप्यातला चपलांचा कारखाना

कोल्हापुरात पाहुणा आला की अंबाबाईचे दर्शन, भवानी मंडप आणि तिथून चालत चप्पल लाईन हा फेरा ठरलेला असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चप्पल लाईनला उत्तम माल मिळतो. फक्त उत्तम कोणता आणि नुसता चकचकीत कोणता, हे ओळखता यावे लागते. हे परीक्षण मात्र जिथे पाटी नाही, काचेचे कपाट नाही आणि गल्लाही नाही, अशा ठिकाणाचे आहे. सुभाषनगर भागातील एका कारागिराच्या राहत्या घरी मी मापाने कोल्हापुरी चप्पल करून घेतली, ती हिवाळाभर आणि उन्हाळाभर रोज वापरली, आणि आता पावसाळ्यासाठी तिला तेल पाजून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. कारागिराचे नाव मुद्दामच देत नाही. हे कुटुंब काही दुकानांनाही माल पुरवते, आणि आपल्याला माल देणाऱ्या कारागिराने घरातून परस्पर गिऱ्हाईक केलेले दुकानदाराला सहसा रुचत नाही. सुभाषनगर आणि जवाहरनगर या दोन्ही भागांत अशी कामाची घरे आहेत. दोन-चार ठिकाणी विचारले की कोणीतरी गल्ली दाखवतेच.

घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या आणि पुढे सोपा, म्हणजे दर्शनी ओसरी. सोपा दिवसा कारखाना असतो, संध्याकाळी बैठकीची खोली आणि रात्री मुलांची झोपायची जागा. कातडे ठोकण्याचा दगड दाराला लागून आहे, कारण घरात सर्वांत जास्त उजेड तिथेच येतो. रापी, आरी, हातोडी ही हत्यारे भिंतीवरच्या फळीत खोचलेली असतात, तर कापून ठेवलेल्या तळांचे गठ्ठे कॉटखाली सरकवलेले असतात. आतल्या खोलीत गॅसवर आमटी उकळत असते, बाहेर भिजवलेल्या कातड्याचा वास असतो, आणि हे दोन वास एकत्र ज्याला सोसत नाहीत त्याने दुकानातच जावे हे बरे. मी गेलो तेव्हा धाकटा मुलगा दगडाच्या पलीकडे पालथा पडून गृहपाठ करत होता. हातोडीचा ठोका पडला की त्याची वही थरथरायची आणि तो लिहायचा थांबायचा, ठोका थांबला की पुन्हा सुरू करायचा. मला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. मामा (कारागिराला सगळी गल्ली मामाच म्हणते, म्हणून मीही तेच म्हणू लागलो) पोत्याच्या बैठकीवरून उठलेही नाहीत, कारण मांडीवर अर्धवट शिवलेला जोड होता.

दुकानात आपला नंबर विचारतात, इथे आपला उद्योग विचारतात. "दिवसभर बसून काम का उभं राहून? गाडी कुठली चालवताय?" हे पहिले प्रश्न होते. गिअरची मोटारसायकल चालवतो असे सांगताच मामांनी माझी जुनी चप्पल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि डाव्या पट्ट्यावर गिअर घासून पडलेला चट्टा बोटाने दाखवला. नव्या जोडात त्यांनी डाव्या पट्ट्याखाली नेमक्या त्याच जागी कातड्याचा आणखी एक थर दिला आहे. तो बाहेरून दिसत नाही, आतून बोट फिरवले की लागतो. माप घेताना अनवाणी पाय जाड पुठ्ठ्यावर ठेवून पूर्ण वजन टाकून उभे राहायचे. मग भोवतीने पेन्सिल फिरते, चवड्याचा आणि पावलाच्या उंचवट्याचा घेर कागदाच्या पट्टीने घेतला जातो आणि जिथे माप संपते तिथे पट्टी नखाने किंचित फाडून खूण केली जाते. टेप भिंतीवर टांगलेली होती, तिला कोणी हात लावला नाही. दोन्ही पायांची मापे वेगवेगळी घेतली जातात आणि पुठ्ठा जपून ठेवला जातो, त्यामुळे पुढचा जोड नुसता फोन करूनही सांगता येतो.

तळासाठी म्हशीचे कातडे असते. राज्यात 2015 मध्ये गोवंशहत्याबंदी लागू झाल्यापासून बैलाचे कातडे या धंद्यातून गेले आणि सगळा भार म्हशीच्या कातड्यावर आला. हे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. रसायनाने झटपट कमावलेल्या कातड्यापेक्षा त्याला कितीतरी अधिक वेळ लागतो, पण ते घाम शोषते आणि वापरता वापरता पायाचा आकार घेते. कमावण्याचे काम या घरात होत नाही. तयार कातडे विकत आणून, पाण्यात भिजवून, निथळून ते दगडावर ठोकले जाते. ठोकल्यामुळे कातडे दाबले जाऊन तळ घट्ट होतो. घाईने काढलेल्या मालात बहुधा हीच पायरी आखडती घेतलेली असते, आणि मग तळ कडेने फुलून येतो. ठोकून झाल्यावर पुठ्ठ्यावरून रापीने तळ कापायचे, वरच्या आणि खालच्या तळांमध्ये दोन्ही बाजूंनी कान (कडेला बाहेर येणारे कातड्याचे तुकडे) बसवायचे, कडेने भोके पाडत कातड्याच्याच बारीक वादीने शिवत जायचे, टाचेचे थर चढवायचे, कानांना पट्टा आणि पट्ट्याला अंगठा (ज्यात पायाचा अंगठा अडकतो ती कडी) जोडायचा, आणि शेवटी वेणी व गोंडा. सबंध जोडात एकही खिळा नाही.

शिवण आणि वेणी हे वहिनींचे, म्हणजे मामांच्या बायकोचे काम आहे. "कापायचं-ठोकायचं ह्यांचं, शिवतो मी. जेवणं आवरली की बसतो, लाईट असली तर रात्री पण बसतो," असे त्यांनी मान वर न करता सांगितले. त्यांच्या शेजारी पाण्याचे वाडगे असते आणि त्यात वाद्या भिजत असतात. वादीचे टोक त्या रापीने तिरके कापून निमुळते करतात, आरी तळातून बाहेर निघते न निघते तोच ते टोक भोकात सरकवतात आणि दुसऱ्या हाताने खालून ओढून घेतात. ओले कातडे भोक लगेच मिटवते, त्यामुळे आरी काढणारा हात आणि वादी घालणारा हात यांच्यात अंतर पडून चालत नाही. मधेच आतून कुकरची शिट्टी झाली, त्या उठल्या, हात धुऊन गॅस बंद करून परत आल्या आणि जो टाका सोडला होता तोच उचलला. माझ्या चपलेच्या कडेचे टाके मी नंतर भिंग लावल्यासारखे निरखले. दोन टाक्यांमधील अंतर सारखे आहे, पण यंत्राइतके काटेकोर सारखे नाही, आणि हाताने केलेला माल ओळखायची ही एक चांगली खूण आहे. दुसरी खूण कडेची. खऱ्या कातड्याच्या कापलेल्या कडेला तंतू दिसतात. रेक्झिनच्या मागे कापडाचा थर दिसतो.

आता जोडाविषयी. नवी चप्पल पहिले काही दिवस कडक लागते आणि अंगठ्याच्या मुळाशी काचते. कोल्हापुरी चप्पल पहिल्या दिवसापासून मऊ हवी असा ज्यांचा आग्रह असेल त्यांनी हा नाद करू नये. मामांच्या सांगण्यावरून मी अंगठ्याला आणि कानांना आतून खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवत गेलो, आणि आठवड्याभरात चप्पल पायात बसली. सुरुवातीला घाम आला की टाचेला तांबूस डाग पडतो. तो कातड्याच्या कमावणीचा रंग आहे, धुतला की जातो, पण पांढऱ्या पायमोज्यांवर राहतो. रंगाचा पर्याय दिला होता, मी कातड्याचा मूळ रंगच ठेवला. तो आता गडद, जवळजवळ गुळाच्या रंगाचा झाला आहे आणि मला तो नव्यापेक्षा अधिक आवडतो. चालताना करकर वाजणारी हवी का, असेही विचारले जाते. मी कार्यालयात जाणारा माणूस असल्याने नको म्हटले. मामांना ते काही फारसे पटलेले दिसले नाही. खाली नुसता कातड्याचा तळ असेल तर ओल्या फरशीवर पाय सरकतो, हा दोष या प्रकारच्या चपलेचाच आहे. थोडे जादा पैसे घेऊन खाली रबर लावून देतात, आणि ज्यांचा दिवस गुळगुळीत फरशांवर जातो त्यांनी ते लावून घ्यावे, अस्सलपणाचा हट्ट धरू नये.

तक्रारी आहेत, आणि त्या बहुतेक घर आणि कारखाना एकच असण्यातून आलेल्या आहेत. सांगितलेली तारीख पाळली गेली नाही. कारण विचारले तर घरात बारसे होते, पाहुणे आले होते आणि सोप्यात दगडच मांडता आला नव्हता. दुकानाला कुलूप लावून माणूस लग्नाला जातो. इथे पाहुणे आले की कारखाना कॉटखाली जातो. फोनचेही तसेच आहे. घरी दिलेला नंबर मोठ्या मुलीचा आहे, ती कॉलेजात असली की फोन लागत नाही, आणि लागला तरी जोड कुठवर आला हे ती संध्याकाळी घरी गेल्यावरच सांगू शकते. पैसे देण्यासाठीचा क्यूआर कोड दाराच्या मागच्या बाजूला चिकटवला आहे, कारण पुढून लावला तर दुकानाची माणसे पाहतात. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहिलेली पावती मिळते. यात बेकायदा काही नाही. वस्तूंच्या व्यवसायात वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आत असेल तर आपल्या राज्यात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण ज्यांना कंपनीकडे बिल दाखवायचे असते त्यांची अडचण होते, हे खरे.

मालातही एक दोष निघाला. डाव्या टाचेजवळचे काही टाके सैल झाले आणि चालताना थर वाजू लागला. मी चप्पल घेऊन गेलो, चहा होईपर्यंत वहिनींनी ते टाके उसवून नव्या वादीने परत घातले आणि पैसे घ्यायला नकार दिला. दुकानात अशा वेळी चप्पल ठेवून जावी लागते, ती कोणाकडे जाते हे कळत नाही आणि परत येते तेव्हा कधी कधी टाक्याऐवजी खिळा आलेला असतो. ज्या हाताने शिवली त्याच हाताने दुरुस्त होणे, हा या घराकडून मिळालेला मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

जोडाला 2,200 रुपये पडले, त्यातले 500 आगाऊ. याच्या तोडीचा माल चांगल्या दुकानात 3,000 च्या घरात जातो. दुकानाचे भाडे नाही म्हणून घरी स्वस्त, असे आपण सहज म्हणून जातो. माझा पेशा हिशेबाचा असल्याने मला ते तेवढ्यावर सोडवेना. मामांकडे बसून मी कातडे, टाचेचे थर, रबर, दोरा, तेल, रंग असे सगळे मांडत गेलो. त्यांना प्रत्येक गोष्टीचा भाव तोंडपाठ होता. जागेचे किती धरता, असे विचारल्यावर ते हसले. "घर हाय की आपलं," एवढेच म्हणाले. विजेचे काही धरलेले नव्हते. वहिनींच्या शिवणीचेही नव्हते, कारण दुकानासाठी काम करताना मजुरी जोडावर मिळते, माणसावर नाही. एका जोडामागे दोन माणसे खपली काय आणि एक खपला काय, दुकानदाराच्या वहीत ओळ एकच पडते. हीच सवय घरच्या गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही सुटत नाही. म्हणजे मला जे 800 रुपये वाचले ते दुकानाच्या भाड्याचे तर असतीलच, पण त्यात त्या सोप्याचे भाडे, रात्रीचा बल्ब आणि एका बाईची संध्याकाळही आहे. वहिनींना शिवणीचे वेगळे धरायला सांगितले तर त्या म्हणाल्या, "मग गिऱ्हाईक येतंय व्हय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी भाव केला नाही, आणि तिथे जाणाऱ्याने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गल्लीत एक भीती सगळ्यांना असते: घरात धंदा चालतो हे कळले तर मीटर व्यापारी होईल. त्या भीतीने नोंदणी टाळली जाते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकासाठी सोय आहे. महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षातला एकूण वापर 3,600 युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागू होतो. मामांच्या घरात कडा घासायची एक छोटी मोटर आहे, बाकी सगळे हाताचे काम. त्यांचे बिल या मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाही. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, आधारवर आणि विनामूल्य होते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांमध्ये पादत्राणे करणारे कारागीर आहेत, आणि तिच्यात हत्यारांसाठी 15,000 रुपयांची मदत व पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत, दुसऱ्यात 2 लाखांपर्यंत 5 टक्के दराने कर्ज मिळू शकते. मोठ्या मुलीने यातली कागदपत्रे गोळा करायला घेतली आहेत. वडिलांपेक्षा तिला त्यात रस अधिक आहे.

या सगळ्यात कोल्हापुरी या नावाचे काय, हा प्रश्न मनात येतोच. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. कारागिराला ते स्वतःच्या मालावर लावायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते, आणि सोप्यात बसून दुकानासाठी शिवणाऱ्याच्या मालावर शेवटी शिक्का दुकानाचाच पडतो. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मूळ न सांगता कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दाखवल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला, आणि पुढे कंपनीने हा भारतीय कारागिरीचा वारसा असल्याचे मान्य केले. ही बातमी मामांना माहीत होती. त्यांना त्यातले फक्त किमतीचे कुतूहल होते, आणि ती ऐकून त्यांनी हातातला तळ एकदा उलटून पाहिला.

मला हा जोड पायात बसल्यापासून दुकानात नंबर सांगून चप्पल घेण्याची इच्छा राहिलेली नाही. तरीही सगळ्यांना मी या घरी पाठवणार नाही. ज्यांना आजच हवी, ज्यांना दहा रंगांतून निवडायची आहे, किंवा ज्यांचा कोल्हापुरातला मुक्काम एका दिवसाचा आहे, त्यांना चप्पल लाईनच सोयीची. ज्यांची पावले रुंद आहेत, एका पायाला गाठ किंवा कुरूप आहे, किंवा जे वर्षानुवर्षे एकाच माणसाकडून पायताण घेऊ पाहतात, त्यांनी मात्र असे एखादे घर शोधावे. सकाळी दहा ते बारा ही वेळ बरी; दाराशी उजेड असतो आणि दोघेही कामावर बसलेले असतात. दुपारी एकनंतर जेवणाच्या वेळी जाऊ नये, कारण मग आपल्याला ताट वाढले जाते आणि काम राहते. आषाढ-श्रावणात भिजवलेले कातडे नीट वाळत नाही, तयार मालावर बुरशी चढते आणि कातड्याचा साठा माळ्यावर जातो, म्हणून त्या दिवसांत माप घेतात पण जोडाची तारीख देत नाहीत. दसऱ्याला चप्पल पायात हवी असेल तर माप गणपतीपूर्वीच देऊन ठेवावे. दुकानांची मागणी आणि वहिनींच्या घरातले सणवार त्याच सुमारास एकत्र येतात.